एचटीटी-४० (प्रशिक्षण विमान)

एचटीटी-४० हे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने (एचएएल) भारतीय वायुसेनेसाठी घडवलेले दोन आसनी टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणारे) विमान. लढाऊ वैमानिक होऊ पाहणारा छात्र पहिले धडे ज्यावर गिरवतो, त्या वर्गातले. गोंदिया जिल्ह्यात बिरसीच्या धावपट्टीवरून उडून धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालणारी छोटी विमाने त्या भागातल्या लोकांच्या नेहमीच्या पाहण्यातली आहेत. पण ती नागरी प्रशिक्षणाची, पिस्टन इंजिनाची. वायुसेनेचे प्राथमिक उड्डाण शिक्षण हैदराबादजवळच्या दुंडिगल अकादमीत होते.

पूर्वी हे काम एचपीटी-३२ ‘दीपक’ करी. त्याचे २६० अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन हवेत बंद पडण्याच्या तक्रारी होत्या आणि बाहेर फेकणारी इजेक्शन सीट नव्हती. जुलै २००९ मधल्या अपघातात दोन वैमानिक गेले, तेव्हा हे विमान जमिनीवरच थांबवण्यात आले. २०१२ मध्ये ७५ स्विस पिलाटस पीसी-७ मार्क २ विमानांचा करार झाला. वायुसेनेचा ओढा आणखी पिलाटस घेण्याकडे होता. एचएएलने तरीही स्वतःच्या पैशाने एचटीटी-४० चे काम चालू ठेवले. हा निर्णय धाडसाचा होता आणि तो योग्य ठरला. पहिला नमुना ३१ मे २०१६ रोजी बंगळुरूत उडाला.

यातले हनीवेल टीपीई३३१-१२बी इंजिन सुमारे ९५० अश्वशक्तीचे आहे. टर्बाइन आणि पंखा एकाच दंडावर (शाफ्टवर), मध्ये गिअरबॉक्स. टर्बाइन मिनिटाला ४१ हजारांहून अधिक फेरे घेते आणि उड्डाणात हा वेग जवळपास स्थिर राहतो. ताकद वाढवली की पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो, त्यामुळे प्रतिसाद चटकन मिळतो. पिलाटसच्या इंजिनात पंखा फिरवणारे टर्बाइन वेगळे असते. उष्णतेचाही विचार करावा लागतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा तापून विरळ झालेल्या हवेत इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते. भारतीय उन्हाळ्यात शिकवायचे विमान म्हणून अंगची ताकद मुबलक हवी आणि कॉकपिट वातानुकूलित हवे.

आसने एकामागे एक आहेत, मागचे शिक्षकाचे. दोन्ही इजेक्शन सीट, जमिनीवर थांबलेल्या विमानातूनही सुटका करू शकणाऱ्या. उपकरणे पडद्यांवर दिसतात. जास्तीत जास्त वजन २,८०० किलो, वेग ताशी ४५० किलोमीटरपर्यंत.

खरी कसोटी मात्र वेगाची नव्हे, गिरकीची. वेग घटून एका पंखाची उचल आधी तुटली की विमान गरगरत खाली येते. छात्राला हे मुद्दाम शिकवतात, म्हणून विमान त्यात शिरलेही पाहिजे आणि ठरलेल्या क्रियेने हमखास बाहेरही आले पाहिजे. विकासाचा मोठा काळ इथेच गेला. शेपटीचा उभा पंख आणि सुकाणू यांत बदल करावे लागले. मग सहा फेऱ्यांच्या गिरकीची चाचणी पार पडली. या चाचण्या घेणाऱ्या वैमानिकांचे श्रेय आरेखकांइतकेच मोठे आहे.

मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा करार झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली आणि त्याच महिन्यात बंगळुरूत मालिकेतले पहिले विमान उडाले.