जुना फोटो, जुने तिकीट आणि कागदाची साक्ष

नागपुरात महाल भागातले जुने वाडे आवरले जातात तेव्हा ट्रंकेच्या तळाशी बहुधा दोन गोष्टी हाताला लागतात. एक म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेले तपकिरी फोटो आणि दुसरी म्हणजे सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. फोटोत कोण बसले आहे आणि तिकिटावर कशाचे चित्र आहे एवढे पाहून आपण ते बाजूला ठेवतो. पण ज्या कागदाची, चांदीची आणि शाईची ती वस्तू बनली आहे, ती द्रव्येही साक्ष देतात, आणि माझ्या मते ती साक्ष अनेकदा चित्रापेक्षा अधिक भरवशाची असते.

असा फोटो दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरावा. ठिपक्यांची नियमित जाळी दिसली, तर ते छापखान्यात छापलेले चित्र आहे असे समजावे. कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील, वर बारीक भेगा पडलेल्या असतील आणि छटा तांबूस असेल, तर तो बहुधा अल्ब्युमेन प्रिंट असतो. ही पद्धत फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्रार यांनी १८५० मध्ये मांडली. मीठ मिसळलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर कागदावर द्यायचा, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाने तो प्रकाशाला संवेदनशील करायचा आणि निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवायचा, अशी ती रीत होती. उन्हाने तयार होणारे चांदीचे कण अतिशय सूक्ष्म असल्यामुळे चित्र तपकिरी दिसते. पुढे आलेल्या जिलेटिनच्या कागदावर चित्र रसायनाने उमटवले जाऊ लागले. त्यात चांदी गुंतलेल्या धाग्यांसारखी वाढते आणि काळी दिसते, शिवाय जिलेटिनखालच्या बेरियम सल्फेटच्या पांढऱ्या थरामुळे कागदाचे तंतू झाकले जातात. अल्ब्युमेनचा वापर १८९० च्या दशकात ओसरत गेला. म्हणून तंतू न दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या फोटोच्या मागे कोणी ‘१८६५’ असे लिहिले असेल, तर त्या अक्षरांपेक्षा कागदावर विश्वास ठेवावा.

चित्र वाचतानाही रसायन विसरून चालत नाही. फोटो टिपण्याच्या सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. रंगद्रव्य मिसळून त्यांना हिरवा रंग ‘दिसेल’ असे करता येते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनी १८७३ मध्ये दाखवले, परंतु लाल रंगाबाबत सर्वसाधारण प्लेटा त्यानंतरही बराच काळ आंधळ्या होत्या. त्यामुळे जुन्या फोटोंत आभाळ कोरे पांढरे दिसते, तर आजीच्या कपाळावरचे कुंकू आणि आजोबांची लाल पगडी काळी. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहातील ध्वज वरून पांढरा, मधे हिरवा आणि खाली लाल अशा पट्ट्यांचा होता आणि त्यावर चरखा होता. केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांचा ध्वज काँग्रेसने स्वीकारला तो १९३१ मध्ये. त्या काळातल्या प्लेटेवर लाल आणि गडद हिरवा हे दोन्ही पट्टे जवळजवळ सारखेच काळपट उमटू शकतात. आज संगणकाकडून असा फोटो रंगवून घेऊन कोणी वरच्या पट्टीत केशरी रंग भरला, तर दिसायला ते सुंदर होईल, पण इतिहास म्हणून ते चूक असेल, आणि अशी चूक एकदा पसरली की ती पुसणे फार कठीण जाते.

नागपूरची हवा या वस्तूंना मानवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा जिलेटिनचा थर सुकून आक्रसतो, आणि पावसाळ्यात तोच थर ओल शोषून फुगतो व फ्रेमच्या काचेला चिकटतो. दमट हवेत चांदीचे अणू ऑक्सिडीकरणाने आयन होऊन पृष्ठभागाकडे सरकतात आणि तेथे पुन्हा धातुरूप घेतात. फोटोच्या काळ्या भागांवर तिरप्या उजेडात दिसणारी निळसर-रुपेरी झाक तीच. ती कापडाने पुसण्याचा मोह आवरावा, कारण पुसली जाते ती चित्रातलीच चांदी. फोटोला लॅमिनेशन करणे त्याहून घातक आहे. एकदा केलेले लॅमिनेशन पुढे सुरक्षितपणे काढणे जवळजवळ अशक्य असते.

तिकिटांच्या बाबतीत सर्वांत मोठे नुकसान आपल्याच हातून होते, कारण लहानपणी आपण सगळ्यांनी पाकिटे पाण्यात भिजवून तिकिटे सुटी केलेली असतात. माझ्या संग्रहात मुंबईहून कोलकात्याला गेलेले एक पाकीट आहे. त्यावर दोन आण्यांचे नटराजाचे तिकीट आहे आणि शिक्क्यातले सालाचे आकडे पुसट झाले आहेत. हे तिकीट ज्या पुरातत्त्व मालिकेतले आहे ती १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघाली, तेव्हा पत्र त्याआधीचे असू शकत नाही. १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नये पैसे आले, त्यामुळे पत्राच्या काळाची दुसरी बाजूही साधारण ठरते. याच मालिकेचे एक सुटे तिकीट मी उजेडासमोर धरले, तेव्हा नटराजाच्या आरपार कागदात चांदण्यांच्या ओळी दिसल्या. हे जलचिन्ह १९२६ पासूनचे, म्हणजे नाशिकच्या छापखान्यात तिकिटांची छपाई सुरू झाली त्या वेळचे. राज्य बदलले, चित्र बदलले, तरी कागद काही वर्षे जुन्याच खुणेचा वापरला जात होता.

पाकिटाच्या पाठीमागे कोलकात्याचा पोहोचल्याचा शिक्का आहे आणि तो दुसऱ्याच दिवसाचा आहे. त्या काळी रेल्वेने हे सुमारे दोन हजार किलोमीटरचे अंतर एका रात्रीत तोडणे शक्य नव्हते. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली होती. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. पाकिटावर नागपूरचे नाव कोठेही नाही, तरी दोन शिक्क्यांमधल्या त्या एका रात्री हे पत्र बहुधा सोनेगावच्या धावपट्टीवर एका विमानातून दुसऱ्या विमानात गेले असावे.