तीन लाल फुल्या : मूल सांभाळणाऱ्या मावशींच्या पगार-सुट्टीची पार्श्वभूमी

आमच्या स्वयंपाकघरात दाराआडच्या खिळ्याला कॅलेंडर आहे. दूध आलं नाही की तारखेवर निळी फुली, मावशी आल्या नाहीत की लाल. ही पद्धत सासूबाईंची, त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंची, आणि खरं सांगायचं तर लग्न होऊन आल्यापासून मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मग मुलगी झाली, माझी रजा संपली, आणि तिला सांभाळायला सकाळी साडेनऊ ते दीड अशा मावशी ठेवल्या, सोलापूरजवळच्या कुंभारीहून दोन रिक्षा बदलून येणाऱ्या. पहिल्या महिनाअखेरीला मी कॅलेंडर खाली काढून हिशोबाला बसले, तीन लाल फुल्या होत्या, तर मावशी मुलीला मांडीवर थोपटत शांतपणे म्हणाल्या, "ताई, ती एक पौर्णिमेची, रथाची. एक मला ताप आलता ती. आन् ती तिसरी, तुम्हीच लातूरला गेलता की ओ. तिन्ही सारख्याच का?"

मला काही बोलता आलं नाही, त्या महिन्यात पैसे कापले नाहीत एवढंच. पण प्रश्न डोक्यात राहिला, की ही लाल फुली आली कुठून, कारण मी ऑफिसात सुट्टी घेते तिला कुणी खाडा म्हणत नाही.

खाडा हा शब्दच बघा ना. शेतावर सालगडी ठेवायचे, पाडवा ते पाडवा, आधी उचल द्यायची आणि वर्षभरात जितके दिवस तो आला नाही तितके खाडे त्याने साल संपल्यावर भरून द्यायचे. म्हणजे आजारपण असो नाहीतर घरात मयत, दिवस मालकाचा होता आणि तो गड्यानं बुडवला, असा हिशोब. शहरात घरकामाला माणसं ठेवायला लागल्यावर हाच हिशोब जसाच्या तसा आत आला. आणि मूल सांभाळायला तर आधी बाई नसायचीच, पोरगी असायची. गावाकडची, नात्यातली किंवा कुळाची, नऊ-दहा वर्षांची, खाऊनपिऊन, दिवाळीला परकर-पोलकं, पैसे झालेच तर तिच्या बापाच्या हातात. ती राहायलाच घरात, मग सुट्टी कसली? आमच्याही घरात अशी एक होती, सासूबाई तिचं नाव अजून प्रेमानं काढतात, पण ती शाळेत किती शिकली हे विचारलं की विषय बदलतात. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला कायद्यानं बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून, म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही.

'आया' हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आलेला, साहेबांच्या बंगल्यातून फिरत फिरत तो मिलच्या पाळणाघरात आणि बालवाडीत येऊन बसला. आमच्या घरात तो कुणी वापरत नाही, मावशीच म्हणतात. मावशी म्हटलं की पगाराचं बोलायला जरा अवघड जातं, हा त्यातला तोटा (की सोय?).

सोलापुरात ही गोष्ट मिलशिवाय सांगता येत नाही. १८७७ ची जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. भोंग्यावर गाव उठायचं. माझ्या आजेसासूबाई रिळिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यात होत्या आणि त्यांचं तान्हं पोर शेजारची म्हातारी सांभाळायची, पगाराच्या दिवशी तिला काही आणे आणि रोजची एक भाकरी. त्या काळात गिरणीतल्या बाया लेकराला अफूची बाळगोळी देऊन कामाला जायच्या हे मुंबईचं म्हणून लिहिलेलं सापडतं, आमच्याकडं त्यावर कुणी बोलत नाही. पण मिलमध्ये निदान भांडायला जागा होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनं १० जून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. बाळंतपणाच्या रजेचं बिल मुंबईच्या कायदेमंडळात आलं तेव्हा १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला, देशातला पहिला. पुढं १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट : आठवड्याला एक सुट्टी, वर्ष भरलं की दर वीस दिवसांना एक दिवस भरपगारी रजा, आणि पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं सहा वर्षांखालच्या पोरांसाठी पाळणाघर. १९७६ मध्ये पन्नासाचे तीस केले.

आता इथं एक गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणायचं म्हणून. मिलच्या पाळणाघरात पोरं सांभाळणारी बाई मिलच्या नोकरीत, तिचं नाव मस्टरवर, तिला रविवार, तिला रजा. आणि मिलच्या भिंतीबाहेर, चाळीत, तेच काम करणाऱ्या म्हातारीला भाकरी. पोरं तीच, काम तेच, मधे फक्त एक गेट.

लातूरवाल्या फुलीचं उत्तरही मिलमध्येच सापडलं मला. मालकाकडं काम नसेल, कापूस नाही, वीज नाही, मशीन बंद, तर कामगाराला घरी पाठवायचं आणि पैसे द्यायचे नाहीत, असंच आधी चालायचं. १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि ले-ऑफ दिला तर निम्मा पगार द्यायचा असं ठरलं, अर्थात सगळ्यांना नाही, बदली कामगार गेटवर यायचा, नंबर लागला नाही की डबा घेऊन परत जायचा, त्याचं वर्ष भरल्याशिवाय त्याला यातलं काही नाही. मी हे घरात सांगितलं तर सासूबाई पटकन म्हणाल्या, "म्हणजे आपल्या मावशी बदलीच की गं." त्यांचे वडील बदलीत होते, त्यांना हा शब्द लागला. आम्ही गोव्याला जातो, माहेरी जातो, लग्नाला जातो, आमची मिल आम्ही बंद ठेवतो आणि फुली त्यांच्या नावावर मारतो. निम्मा पगारसुद्धा मला यात कमीच वाटतो, कारण ती सकाळची वेळ त्या दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाहीत, आमच्यासाठी अडवून ठेवलेली असते.

मग घरकामाच्या बायकांसाठी कायदा करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही का? तर आलं होतं, आणि सोलापूरशी त्याचा संबंध आहे हे मला यंदा पहिल्यांदा कळलं. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला सोलापूरनं दोन खासदार पाठवले होते, शेकापचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज. हे राजभोज पुढं राज्यसभेत गेले आणि १९५९ मध्ये त्यांनी घरगुती नोकरांसाठी खासगी विधेयक मांडलं, त्यात किमान पगार, कामाचे तास, सुट्ट्या सगळं होतं. लोकसभेतही त्याच सुमाराला तसंच एक आलं. दोन्हींचा कायदा झाला नाही. शाळेत आम्हाला स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा धडा होता, १९३० चा मार्शल लॉ होता, ते हवंच, पण या बिलाबद्दल कधी एक ओळ ऐकली नाही.

आमच्या मावशींच्या आईनं आणि त्यांनी स्वतः वीसेक वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, पान कापायचा पत्रा, हजार विड्यांमागं मजुरी, आणि कारखान्यात माल दिला की छाट, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला, काढणार, ती मेहनत फुकट. सोलापुरात हजारो घरांत, जास्त करून तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांत, हेच. पण १९६६ चा विडी कामगार कायदा बघितला तर त्यात घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार धरलं होतं. १९७६ मध्ये विडीवर सेस (जादा कर) आला, कल्याण निधी आला, त्यातून दवाखाना, पोरांना स्कॉलरशिप. पुढं कुंभारीत दहा हजार घरांची कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत झाली, माकपच्या नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते घरं द्यायला. मावशी तिथंच राहतात. त्यांच्याकडं विडी कामगाराचं ओळखपत्र अजून जपून ठेवलेलं आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर.

म्हणजे स्वतःच्या घरात विडी वळली तर ती बाई कामगार, आणि दुसऱ्याच्या घरात चार तास मूल सांभाळलं तर मावशी. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली, पुरुष घरी बसले, नंतर विडीचंही काम कमी होत गेलं, २००३ चा तंबाखूचा कायदा, २०१७ ला विडीवर २८ टक्के जीएसटी, आठवड्याला मिळणारी पानंच कमी. त्यामुळं या बायका ओळखपत्र असलेल्या कामातून ओळखपत्र नसलेल्या कामात आल्या, जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडच्या अपार्टमेंटांमधे. तिकडं त्याच काळात आमच्यासारख्यांच्या रजा वाढल्या, २०१७ च्या दुरुस्तीनं मला २६ आठवडे भरपगारी मिळाले. माझी रजा संपते तिथं त्यांचं काम सुरू होतं, आणि त्या कामाला स्वतःची रजा नाही.

संघटना झाल्याच नाहीत असं नाही. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, पगारवाढ आणि भरपगारी सुट्टी या मागण्यांसाठी, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार ही भाषा महाराष्ट्रातल्या घरांत रुळली त्यात या बायकांचा मोठा हात आहे असं माझं मत. दिवाळीच्या एका पगाराचा मिलच्या बोनसशी मेळ बसतो तोही बघा, कायद्यातला किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिना. साडीवर भागवणारी घरं अजून खूप आहेत.

सरकारकडून म्हणाल तर महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, २०११ मध्ये मंडळ आलं. नोंदणी करायची, मग बाळंतपणाला मदत, अंत्यविधीला मदत, पंचावन्न वर्षं झाली की दहा हजार सन्मानधन. कोरोनात २०२१ ला नोंदणी असलेल्यांना दीड हजार मिळाले, मावशींची नोंदणी नव्हती. पण या कायद्यात पगाराचा दर नाही आणि सुट्टीचा हिशोबही नाही. विजापूर रोडनं भीमा ओलांडली की कर्नाटक, तिथं २००४ मध्येच घरकामाला किमान वेतन लावलं होतं. २०११ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १८९ नंबरचा करार केला, आठवड्यात सलग २४ तास विश्रांती वगैरे, भारतानं बाजूनं मत दिलं, पण मंजुरी दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा. राजभोजांच्या बिलाला तेव्हा पासष्ट वर्षं होऊन गेली होती.

कायदा नाही म्हटल्यावर सगळं येऊन अडतं ते स्वयंपाकघरातल्या भागाकारावर. समजा पगार सहा हजार आणि रविवार सोडून रोज काम. एका दिवसाचे किती? तीसनं भागलं तर दोनशे, सव्वीसनं भागलं तर जवळपास दोनशे एकतीस. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात महिना सव्वीस दिवसांचाच धरतात, कारण रविवार पगारातच असतो. मी ओळखीच्या चार घरांत विचारलं, तर जादा दिवस बोलावलं की तीसनं भागतात, कापताना एका घरात सव्वीसनं! मुद्दाम करत नसतील, कॅल्क्युलेटरवर जे हाताला येईल ते. अर्धवेळ कामात अजून एक लबाडी शिरते, दीडला सुट्टी असते पण माझी मीटिंग लांबते, पावणेदोन, दोन, मूल झोपलंय म्हणून "थांबा ना जरा", आणि ते जरा कुठंच लिहिलं जात नाही. उलट त्या वीस मिनिटं उशिरा आल्या, शेअर रिक्षा भरायलाच वेळ लागला म्हणून, तर ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं.

शेवटी आम्ही बसून ठरवलं, मावशी, मी, सासूबाई, चहा घेऊन. मिलचाच नियम घेतला, वीस दिवसांना एक. वर्षाला साधारण तीनशे दिवस त्या येतात, म्हणजे पंधरा भरपगारी, कशालाही वापरा, ताप असो की गावाकडचं लग्न. सण वेगळे, आणि ते कुणाचे हे त्यांनी सांगितले : नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, उगादी, दसरा, गड्ड्यात (सिद्धेश्वराच्या जत्रेत) अक्षतेचा दिवस. मी गणपती लिहायला गेले तर म्हणाल्या, "गणपतीला तुम्हालाच माणूस लागतंय की, मी येतो." आम्ही गावाला गेलो तर पगार पूर्ण. कापायचंच झालं तर तीसनं, जादाला सव्वीसनं. दीडनंतर पाव तासाच्या वर गेलं की तासाचे पैसे. सासूबाईंना शेवटचं कलम फार लागलं, "घरातलंच माणूस आहे, घड्याळ कशाला," पण मावशीच म्हणाल्या की घड्याळ असलेलं बरं, त्यांना पुढं चारला अजून एक घर आहे.

लाल पेन आता मुलीनं पळवलंय. मावशींनी स्वतःची एक छोटी डायरी आणली, किराणा दुकानात फुकट मिळते तसली, त्यात त्या तेलुगूत लिहितात, मला वाचता येत नाही. परवा त्यांनीच उघडून दाखवली, तारखांपुढं रेघा मारलेल्या. म्हटलं हे काय, तर हसत म्हणाल्या, "हे तुमचे खाडे, ताई." दीडला न पोचलेले दिवस. या महिन्यात चार आहेत.