बार्बिकन : वरचे दार आणि खालचे दार

लंडनच्या बार्बिकन सेंटरला, म्हणजे बार्बिकन या मोठ्या गृहसंकुलातल्या कलाकेंद्राला, पहिल्यांदा जाणारे बहुतेक लोक वाट चुकतात आणि त्याचे खापर इमारतीवर फोडतात. 2003 साली एका पाहणीत ती लंडनमधली सर्वांत कुरूप इमारत ठरली, तेव्हाही चक्रव्यूहाची तक्रार होतीच. चूक काँक्रीटची नाही. इमारत ज्या वाटेवर बांधली, ती वाटच शहराने पुढे अर्धवट सोडली.

डिसेंबर 1940 च्या बॉम्बवर्षावात हा भाग जळून गेला. 1951 मध्ये या प्रभागात अवघे 48 रहिवासी उरले होते. नुसती कार्यालये न उभारता इथे माणसे पुन्हा राहायला आणायची असे ठरले आणि 1959 मध्ये आराखडा मंजूर झाला. संपांमुळे काम रखडले. पहिले रहिवासी 1969 मध्ये आले. कलाकेंद्राचे बांधकाम 1971 मध्ये सुरू झाले आणि उद्घाटनाला 3 मार्च 1982 उजाडला.

खरा वादाचा निर्णय हायवॉकचा, म्हणजे रस्त्यांच्या वरून जाणाऱ्या उंच पदपथांचा. खाली मोटारी, वर माणसे, हे तेव्हाचे सूत्र होते. लंडनच्या जुन्या मध्यवर्ती ‘सिटी’ भागात नवी इमारत बांधणाऱ्याने पहिल्या मजल्याच्या उंचीवर सार्वजनिक पदपथ द्यायचा आणि तो शेजारच्या इमारतीच्या पदपथाला जोडायचा, असा आग्रह धरला जाई. 1960 च्या दशकातल्या आराखड्यात असे सुमारे 30 मैलांचे जाळे होते. बार्बिकनचा पोडियम, म्हणजे इमारतींना जोडणारा उंचावरचा चौथरा, हा त्या जाळ्यातला सर्वांत मोठा तुकडा. त्यामुळे पाहुणे वरूनच येणार हे गृहीत धरून मुख्य प्रवेश वर योजला गेला. सिल्क स्ट्रीटवरचे दार दुय्यम होते, मोटारीने येणाऱ्यांसाठी.

मात्र असे जाळे सलग असेल तरच उपयोगी पडते. एखाद्या मालकाने पुनर्बांधणी केलीच नाही किंवा जुनी इमारत संरक्षित ठरली, की साखळी तिथेच तुटे. मग जिना उतरा, रस्ता ओलांडा, पुढचा जिना शोधा. लोक खालूनच चालत राहिले. 1980 च्या दशकात धोरण मागे पडले, नेमके केंद्र उघडले त्याच सुमारास. वरचे दार पोरके झाले आणि दुय्यम दाराला मुख्य दाराचे काम करावे लागले. वाट दाखवायला पोडियमवर रंगवलेली पिवळी रेघ ही त्यावरची मलमपट्टी. उंच पदपथांची कल्पनाच खुळी होती असे सर्रास म्हटले जाते. ती पुरी होऊ दिली गेली नाही, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

आतल्या गोंधळाचे कारण वेगळे आहे. सुरुवातीला बेत लहान होता. पुढे एक मोठी नाट्यसंस्था आणि एक वाद्यवृंद यांच्या कायम मुक्कामासाठी तो फुगला, पण भोवतीच्या घरांची रचना तोवर ठरून गेली होती. आडवी जागा नव्हती, म्हणून खाली खोदावे लागले. 1,943 आसनांच्या संगीत सभागृहाचे छप्पर म्हणजेच वरचा शिल्पचौक. रंगमंचाचा उंच फ्लाय टॉवर (पडदे-देखावे वर ओढून घेण्याचा मनोरा) झाकायला त्याभोवती काचेचे हरितगृह उभे केले. नाट्यसंस्था 2002 मध्ये निघून गेली. वाद्यवृंद अजून आहे.

काँक्रीटचा खडबडीतपणा हातकामाचा आहे. ओतल्यावर किमान 21 दिवस सुकू द्यायचे, मग टोकदार हातोडायंत्राने वरचा थर फोडून ग्रॅनाइटची खडी उघडी करायची. घाई केली तर खडीच निखळते.

1990 च्या दशकात सिल्क स्ट्रीटच्या दारावर सोनेरी पुतळे बसवून ते ठळक करायचा प्रयत्न झाला. सजावटीने दिशा कळत नाही. पुतळे काढले गेले. 2006 च्या सुमारास पूर्ण झालेल्या दुरुस्तीत फॉयरमधून, म्हणजे आतल्या प्रवेशदालनातून, आरपार पूल टाकला, त्यामुळे रस्त्याकडून थेट तळ्याच्या बाजूला जाता येऊ लागले. हा बदल खरोखर उपयोगी पडला.

आज जायचे तर बार्बिकन स्थानकाबाहेर समोरचा रस्ता ओलांडावा, बीच स्ट्रीटच्या बोगद्यातून सरळ जावे आणि टोकाला उजवीकडे सिल्क स्ट्रीटवर वळावे. हे दार, तळ्याकाठची गच्ची आणि ‘द कर्व्ह’ ही कलादालनाची वक्र जागा, तिन्ही ‘जी’ (तळमजला) पातळीवर आहेत. वाचनालय दुसऱ्या पातळीवर, मुख्य कलादालन तिसऱ्या. सुमारे 200 आसनांचे ‘द पिट’ हे छोटे नाट्यगृह आणि पहिले चित्रपटगृह उणे दोनवर. मोठ्या नाट्यगृहात तिकिटावरची बाजू आधी वाचावी. तिथे मधून जायला वाटच नाही, प्रत्येक रांगेला टोकाशी स्वतःचे दार आहे. चुकीच्या बाजूने शिरलात तर अख्खी रांग उठवावी लागते, आणि खेळ सुरू होताना ही सगळी दारे एकदम मिटतात. हरितगृह ठरावीक दिवशीच उघडते, तेव्हा वेळ आधी राखून ठेवावी.

पोडियमची गळती हा जुना आजार. जलरोधक थर बदलण्यासाठी पोडियमवरच्या बीच गार्डन्स या बागेची सगळी माती उपसून नवी लागवड करावी लागली. 2018 मध्ये जवळच्या लंडन वॉल या रस्त्यावर नवे उंच पदपथ उघडले, म्हणजे सोडून दिलेली कल्पना छोट्या प्रमाणात परत आली. केंद्राच्या नूतनीकरणासाठी 2022 मध्ये संकल्पनकारांचा चमू निवडला गेला. पहिल्या टप्प्यात फॉयर, तळ्याकाठची गच्ची आणि हरितगृह आहे.