सूर चुकला की पट्टी? ऑडिशनच्या आधी एवढं तपासून घ्या

आमच्याकडे कार्तिकात काकडा असतो. पहाटे पाचला मंदिराचा भोंगा सुरू होतो, म्हातारी मंडळी टाळ घेऊन बसतात आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून गावातली दोन-चार पोरंही बसतात. त्यातलीच एक पोरगी माझ्याकडे गाणं शिकायला येते. तिचे आबाजी भजनी मंडळात पेटी वाजवतात. गेल्या वर्षी ते तिला यवतमाळला एका ऑडिशनला घेऊन गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं दोघंही तोंड पाडून परत आले.

"सूर कच्चा आहे म्हणे, सर," ती म्हणाली.

आबाजींना ते पटतच नव्हतं. "माह्या पेटीवर तं बराबर गाते ते. तिथंच काय झालं, काय मालूम."

मी तिला तेच गाणं पुन्हा म्हणायला लावलं. मुखडा स्वच्छ. अंतऱ्यात गाणं वर चढलं आणि तिसऱ्या शब्दाला आवाज ताणला, मग फाटला, आणि स्वर जिथे पोचायला हवा त्याच्या जरा खालीच राहिला. परीक्षकांनी ऐकलं ते खोटं नव्हतं, स्वर उतरला होता हे खरंच. पण त्यांनी सांगितलेलं कारण चुकीचं होतं. पोरीचा सूर पक्का होता, पट्टी तिची नव्हती. ती तिच्या आबाजींची होती.

सूर आणि पट्टी यांची गल्लत आपल्या बोलण्यातूनच सुरू होते. भजनाला बसताना आपण पेटीवाल्याला "सूर द्या" म्हणतो, तेव्हा खरं तर पट्टी मागत असतो. "जरा वरच्या सुरात घ्या" म्हणजेही वरच्या पट्टीत घ्या. एकच शब्द दोन्हीकडे वापरायची सवय झाली, की पोरगं अडखळल्यावर आपण सरसकट "बेसूर" म्हणून मोकळे होतो.

पट्टी म्हणजे आपला षड्ज, म्हणजे 'सा', कुठे धरायचा ती जागा. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरूनच हे नाव पडलं: काळी एक, पांढरी दोन, काळी चार. आजची पोरं तिला स्केल म्हणतात. सूर म्हणजे त्या षड्जापासून बाकीचा प्रत्येक स्वर आपापल्या नेमक्या अंतरावर लागणं. शेतकऱ्याच्या पोरांना मी हे तिफणीवरून सांगतो. तिफणीच्या दात्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, तो झाला सूर. पहिलं तास धुऱ्यापासून किती आत धरायचं हे आपण ठरवतो, ती झाली पट्टी. धुऱ्याला खेटून तिफण धरली तर एक दाता धुऱ्यावर चढतो आणि बी दगडात पडतं. तिफण बिघडलेली नसते, फक्त आत सरकवून धरायची असते.

आता त्या पोरीचं बघा. आबाजी काळी एकमध्ये गातात. पुष्कळ पुरुषांची पट्टी तीच किंवा तिच्या आसपासची. त्यांचा षड्ज सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा. इतक्या खाली लहान पोरीचा आवाज जातच नाही, म्हणून ती नकळत त्याच पट्टीत एक सप्तक (एका 'सा'पासून पुढच्या 'सा'पर्यंतचं अंतर) वरून गात होती, म्हणजे षड्ज साधारण २७७ कंपनांचा. मुखड्यापुरतं ते निभावलं. अंतरा तार मध्यमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'म'ला, गेला तेव्हा तिला सुमारे ७४० कंपनांवर पोचावं लागत होतं. तिथे तिचा दाता धुऱ्यावर चढत होता. तिला काळी चारचा षड्ज दिला, साधारण २०८ कंपनांचा, तेव्हा तोच तार मध्यम ५५४ वर आला आणि तो शब्द तिनं सहज म्हटला, वर मान खाली घालून हसलीसुद्धा.

इथे आबाजी गोंधळले, आणि त्यांचं गोंधळणं रास्त होतं. "चार तं एकाच्या वर आहे नं? वर जमत नाही म्हणते अन् तुम्ही अजून वर नेता?" पेटीवर बोट ठेवून दाखवावं लागलं. त्यांच्या स्वतःच्या षड्जापासून काळी चार सात पट्ट्या वर आहे, काळी एकचा पंचम ('प') म्हणजेच काळी चारचा षड्ज. पण नात सप्तक वरून गात होती, त्यामुळे तिच्यासाठी काळी चार पाच पट्ट्या खाली आली. एक, दोन, चार हे नुसते पट्ट्यांचे नंबर आहेत आणि प्रत्येक सप्तकात ते पुन्हा येतात. "माझी पट्टी काळी चार" म्हणताना कोणत्या सप्तकातली, हे गळ्याला ठाऊक असतं, कागदाला नसतं.

खंजिरीवरच्या भजनात ही अडचण फारशी येत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आपल्या अमरावतीकडच्या गावागावांत खंजिरी पोचली. हातात नुसती खंजिरी असली की गाणारा आपल्या गळ्याला मानवेल तिथूनच सुरू करतो, त्याला कोणी पट्टी देत नाही. पेटी आली की पट्टी पेटीवाल्याची होते. मोबाइलवरचा ट्रॅक लावला की ती मूळ गायकाची होते. आज ऑडिशनची तयारी करणारी बहुतेक पोरं ट्रॅकवर शिकतात, म्हणजे ज्या गळ्यासाठी ते गाणं बांधलं होतं त्या गळ्याच्या मापाचे कपडे घालून फिरतात. पूर्वी टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं रेंगाळायचं आणि त्यासोबत पट्टीही घसरायची, दोन्ही एकमेकांना बांधलेलं होतं. आता तसं नाही. ट्रॅकच्या ॲपमध्ये अधिक-उणेचं बटण असतं, एकदा दाबलं की एक पट्टी सरकते आणि लय तीच राहते. हे बटण न वापरणं मला समजत नाही. मूळ पट्टीत गायलं तर जास्त मार्क मिळतात, असा एक समज पोरांमध्ये घट्ट बसला आहे. परीक्षकाच्या कानाला ताणलेला आवाज आधी कळतो, पट्टी मागाहून.

मग चूक सुराची की पट्टीची, हे ओळखायचं कसं? माझी रीत साधी आहे. जी ओळ चुकते तीच ओळ दोन-तीन पट्ट्या खाली घेऊन म्हणायची, गाणं खालच्या टोकाला अडत असेल तर वर घेऊन. पट्टी बदलल्यावर चूक गेली तर दोष पट्टीचा. चूक तशीच्या तशी सोबत आली तर दोष सुराचा. आणखी एक खूण म्हणजे चुकीची जागा. दर वेळी सगळ्यात वरच्या किंवा सगळ्यात खालच्या शब्दालाच गडबड होत असेल तर बहुधा पट्टी. मधल्या सप्तकात, आरामाच्या जागी स्वर डळमळत असेल तर सूर. ओळ संपता संपता आवाज उतरत असेल तर आधी श्वास बघा, तो तिसराच प्रकार आहे.

माझ्याकडे एक पोरगा आहे, पंधरा वर्षांचा. आवाज फुटून वर्ष झालं. या वयात मुलांचा आवाज साधारण एक सप्तकभर उतरतो, मुलींचाही उतरतो पण थोडाच. त्याची लहानपणची पट्टी गेली होती, म्हणून मी आधी पट्टीवरच संशय घेतला. काळी एक, पांढरी दोन, पांढरी एक, सगळं करून पाहिलं. प्रत्येक पट्टीत त्याचा शुद्ध निषाद ('नी') तितकाच खाली. चूक सोबत हिंडत होती.

कारण सापडायला आठवडा लागला. तो घरी प्रत्येक ओळ पेटीवर वाजवत म्हणायचा. पेटी चालू असली की तिचा निषाद त्याच्या निषादाला झाकून टाकायचा, त्यालाही आणि घरच्यांनाही वाटायचं की सुरात चाललंय. पेटी थांबवली आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं, तेव्हा बिचारा गप्प बसून राहिला. पेटीचा आधार घ्यावा, तिच्या मागे लपू नये, हे मी तेव्हापासून सगळ्यांनाच सांगतो.

पेटीबद्दल आणखी एक गोष्ट शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग कल्पले, तर पेटीचा शुद्ध गंधार ('ग') तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ भागांनी चढा असतो. पंचमात मात्र फरक जेमतेम २ भागांचा. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. पेटीचे स्वर असे बांधलेले असतात आणि तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, निघत नाही, हे त्यामागचे मोठे आक्षेप होते. मी स्वतः पेटीवाला आहे, पेटीवर माझा जीव आहे. तरी सूर पक्का करायला बसवतो तो तंबोऱ्यावरच. खेड्यात तंबोरा कुठून आणायचा? मोबाइलमधला तानपुरा पुरतो. आपली पट्टी लावायची, षड्ज-पंचमाची जोडी ठेवायची, गाण्यात पंचम वर्ज्य असेल तर मध्यमाची, आणि गाण्याची ओळ शब्दांशिवाय, आकारात, अगदी सावकाश म्हणायची. त्या पोराचा निषाद जागेवर यायला दोन महिने लागले.

दोन्हींतला फरक नीट कळणं गरजेचं आहे ते या वेळेच्या हिशोबासाठी. पट्टी अर्ध्या तासात दुरुस्त होते, सुराला महिने लागतात. ऑडिशन आठ दिवसांवर असेल आणि चूक पट्टीची असेल तर गाणं तेच ठेवा, पट्टी बदला. चूक सुराची असेल तर आठ दिवस त्या एका ओळीवर डोकं आपटण्यापेक्षा गाणं बदला, जिथे तो स्वर उघडा पडत नाही असं घ्या. पालक नेमकं उलटं करतात. पट्टी चुकलेल्या पोराचं गाणं बदलतात आणि कच्च्या सुराच्या पोराला "अजून वरून म्हण, जोर लाव" सांगतात.

पट्टी ठरवताना गाण्यातला सगळ्यात वरचा शब्द आणि सगळ्यात खालचा शब्द वहीत लिहून काढा. वरचा शब्द लागोपाठ चार वेळा पूर्ण आवाजात म्हणा. चौथ्यांदा तो पहिल्यासारखाच लागला तर पट्टी बरी. त्या शब्दात 'ई' किंवा 'ऊ' असेल तर गळा जास्त आवळतो, तिथे जरा सूट धरा. मग खालचा शब्द म्हणा. नुसता वारा निघत असेल, आवाज निघत नसेल, तर फार खाली गेलात. दोन्ही टोकं कोणत्याच पट्टीत बसत नसतील तर ते गाणं अजून तुमचं नाही, एखाद-दोन वर्षांनी घ्या.

हे संध्याकाळी ठरवलंत तर सकाळी पुन्हा तपासा. झोपेतून उठल्यावर आवाज जड असतो, आणि आपल्या पोरांना ऑडिशनला जायचं म्हणजे पहाटेची पहिली एसटी, खिडकीचा वारा, मग रांगेत उभं राहणं. घरी जेमतेम पोचणारा वरचा शब्द तिथे पोचणार नाही. म्हणून मी एक पट्टी खालीच ठेवायला सांगतो.

पहिल्या फेरीत बहुतेक ठिकाणी साथ नसते, मिनिटभर नुसतं गावं लागतं. घाबरलं की माणूस नेहमीपेक्षा वरून उचलतो. मुखड्यात ते कळत नाही, अंतऱ्यात कळतं, तोवर उशीर झालेला असतो. रांगेत असताना कानात तानपुरा लावून षड्ज ऐकत राहा, नाव पुकारेपर्यंत मनात धरून ठेवा. साथ असेल तर तबलजीला पट्टी आधी सांगा. काळी चारचा तबला मोठ्या तोंडाचा असतो, काळी एकचा लहान तोंडाचा, एकाचं काम दुसऱ्यावर हातोडी मारून भागत नाही.

आमची पोरगी यंदा पुन्हा जाऊन आली, नागपूरला. तबलजीनं पट्टी विचारली तेव्हा आबाजी उत्तर द्यायला पुढे झाले, पण तिनं आधीच सांगून टाकलं होतं, काळी चार. निकाल अजून यायचा आहे. गावच्या काकड्यात मात्र पट्टी आबाजींचीच चालते, काळी एक. ती त्यांच्या शेजारीच बसते, खालच्या ओळी मोकळ्या गळ्यानं म्हणते, आणि वरच्या ओळी आल्या की गप्प राहून टाळ वाजवते.