दाइसुके: हुद्दा गेला, नाव राहिलं

चिटणीस, फडणीस, पोतनीस. आपल्याकडे दफ्तरं गेली, हुद्दे गेले, आडनावं तेवढी राहिली. जपानमध्येही एका हुद्द्याचं असंच झालं, फक्त तो आडनावात न शिरता थेट पाळण्यात गेला. दाइसुके. बोलताना 'सु'चा उकार जवळजवळ गिळतात, म्हणून कानावर 'दाइस्के' असंच पडतं.

इ.स. ७०१च्या ताइहो संहितेने चिनी धर्तीवर राज्यकारभाराची घडी बसवली, तेव्हा प्रत्येक कचेरीत अधिकाऱ्यांच्या चार पायऱ्या ठरल्या: कामी, सुके, जो आणि साकान. सुके म्हणजे दोन नंबरचा, मुख्याचा उजवा हात. गंमत अशी की उच्चार एकच, पण लिहायचं अक्षर कचेरीगणिक वेगळं. प्रांताच्या सुकेचं एक, पहारा दलाच्या सुकेचं दुसरंच. मंत्रालयांच्या वाट्याला आलेल्या अक्षराचा मूळ अर्थ गाडीच्या चाकाला बळकटी द्यायला लावलेलं लाकूड. त्यावरून आधार, साहाय्य. या सुकेंमध्ये थोरला आणि धाकटा असा भेद असे. थोरला लिहिताना आधी 'मोठा' हे अक्षर येई. हुद्द्याचा उच्चार तेव्हा निराळा होता, पण तीच अक्षरजोडी आज 'दाइसुके' वाचतात. पुढे सामुराई असे हुद्दे नुसते नावापुरतेही मिरवू लागले आणि 'सुके' हे पुरुषी नावाचं शेपूटच झालं: केनसुके, युसुके, शुनसुके.

मला या नावातली गोडी वाटते ती अशी, की 'मोठा' म्हणून झाल्यावर लगेच 'आधार' येतो. मिजास वाढायला जागाच नाही.

मेइजी यासुदा ही विमा कंपनी दरवर्षी बाळांच्या नावांची क्रमवारी काढते. तीत मुलांमध्ये १९७९ ते १९८६ अशी सलग आठ वर्षं दाइसुके पहिला. श्रेय बहुतेकदा दाइसुके अराकीला देतात. १९८०च्या उन्हाळ्यात कोशिएन मैदानावरच्या शालेय बेसबॉल स्पर्धेत वासेदा जित्सुग्यो शाळेच्या या पहिल्या वर्षातल्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि देश त्याच्यामागे वेडा झाला. पण सालं नीट पाहा. नाव आदल्या वर्षीच अव्वल होतं. निखारा पेटलेलाच होता, अराकीने फुंकर घातली.

तो अंतिम सामना योकोहामा हायस्कूलने जिंकला. तीनेक आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला जन्मलेल्या एका मुलाचं नाव अराकीवरून ठेवलं गेलं: दाइसुके मात्सुझाका. १९९८मध्ये याच कोशिएनवर त्याने उपांत्यपूर्व सामन्यात १७ डाव खेळून २५० चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यात समोरच्यांना एकही हिट, म्हणजे तळ गाठून देणारा फटका, मिळू दिली नाही. अंगावर जर्सी होती योकोहामा हायस्कूलची.