रात्रीची जाग आणि रात्रीचा भ्रम

फुप्फुसाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या माणसाच्या घरी ‘काल रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता’ हे वाक्य वारंवार ऐकू येते आणि त्यापाठोपाठ झोपेच्या गोळीची मागणी होते. मात्र त्या एका वाक्याआड दोन निराळ्या अवस्था असू शकतात. एक निद्रानाश; दुसरी, जिला डॉक्टर डेलिरियम म्हणतात आणि जुनी माणसे ‘वातात बरळणे’ म्हणत.

निद्रानाशात माणूस जागा असला तरी पूर्ण भानावर असतो. खोकल्याने किती वाजता जाग आली, आडवे होताच दम कसा लागला, उद्याच्या स्कॅनची धास्ती कशी वाटत होती, हे तो सकाळी नीट सांगतो आणि उपाय बहुधा त्या सांगण्यातच सापडतो. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड संध्याकाळी घेतले जात असेल तर झोप उडते. डॉक्टरांना विचारून त्याची वेळ सकाळवर आणता येते. दम लागत असल्यास पाठीशी उशा रचून अर्धवट बसते करणे आणि चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेणे, यांनी पुष्कळांना उतार पडतो.

डेलिरियममध्ये बिघडते ते अवधान. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस बदलतो, चादरीची कड चिमटीत धरून ओढत राहतो, ‘गाडीची वेळ झाली, माझ्या चपला कुठे आहेत?’ असे विचारतो आणि दुपारी नातवाशी अगदी नेहमीसारखे बोलतो. या चढउतारामुळेच घरच्यांची फसगत होते; झोप न झाल्याने चिडचिड होत असेल, असे त्यांना वाटते. शंका आल्यास आठवड्याचे वार रविवारपासून उलटे म्हणायला सांगावे. एरवी सहज जमणारी ही गोष्ट शुक्रवार-गुरुवारपाशीच अडखळू लागली, तर ती डॉक्टरांना त्याच दिवशी कळवण्याजोगी आहे.

कारण या भ्रमामागे अनेकदा शोधता येणारे काही असते : रक्तातला ऑक्सिजन उतरणे, छातीतला जंतुसंसर्ग, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या स्मॉल सेल प्रकारात रक्तातले सोडियम घटणे, स्क्वॅमस प्रकारात कॅल्शियम वाढणे, मेंदूत पसरलेला आजार, मॉर्फिनचा डोस, इतकेच काय, तुंबलेली लघवी किंवा बद्धकोष्ठसुद्धा. (मॉर्फिन मात्र घरच्या घरी बंद करू नये.) अशा वेळी लोराझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी आपल्या मनाने दिली तर भ्रम आणखी गडद होऊ शकतो आणि श्वास आधीच क्षीण असलेल्या माणसाचा श्वास मंदावू शकतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती शांत डेलिरियमची. त्यात आरडाओरडा नसतो. माणूस दिवसभर गुंगीत पडून राहतो, हाक मारली तर डोळे उघडतो, घास तोंडातच ठेवतो, आणि ‘चला, आता तरी झोप लागतेय’ म्हणून घर सुटकेचा श्वास टाकते. खरी झोप लागलेला माणूस उठल्यावर ताजातवाना दिसतो, बोलण्याचा धागा धरतो. हा धरत नाही.

अखेरच्या दिवसांतला भ्रम प्रत्येक वेळी परतवता येत नाही. तेव्हा चपलांवरून वाद घालू नये. मंद दिवा चालू ठेवावा, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी असू द्यावे, आणि ओळखीच्या आवाजात म्हणावे, ‘‘बाबा, मी इथेच आहे. आपण घरी आहोत.’’