कुलूप आधी, भूत नंतर

कोल्हापुरात गंगावेशीतून पंचगंगेच्या घाटाकडं उतरताना एका बोळात तो वाडा होता. होता म्हणायचं, कारण २०१९ च्या पुरात त्याची मागची भिंत बसली आणि उरलेला पुढं दोन वर्षांत उतरवला. आमच्या आत्याचं घर त्याला लागून, भिंतीला भिंत, त्यामुळं त्या वाड्यातल्या भुताशी आमचा शेजारधर्मच होता. घराण्याचं नाव सांगत नाही. वारस हयात आहेत आणि दावा अजून चालू आहे.

मी आत पहिल्यांदा गेलो १९९१ च्या उन्हाळ्यात, शाळेत असताना. अमावास्या मुद्दाम निवडली होती. चौघं होतो, पैज मिसळीची. दिंडी दरवाज्याला कुलूप, म्हणून परड्याच्या बाजूनं पडक्या न्हाणीवरून आत उतरलो. मधे चौक, चौकात मातीनं भरलेलं रिकामं तुळशीवृंदावन, तिन्ही बाजूंना सोपा. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग डोक्यावरच्या माळ्यावर कुणीतरी पळालं. मांजराची धाव वेगळी असते, ती कळते. हे पाय टेकत, थांबत, पुन्हा पळत होतं, लहान पोर खेळावं तसं. आणि तेवढ्यात भात शिजल्याचा वास आला. चांगला, वाफाळत्या आंबेमोहोराचा. त्या घरात वीस-बावीस वर्षं चूल पेटलेली नव्हती. आमच्यातला जो रोज तालमीत जोर मारायचा, तो सगळ्यांत आधी भिंतीच्या पलीकडं होता. मिसळीचे पैसे कुणी द्यायचे, यावर आजवर एकमत झालेलं नाही.

त्यानंतर मी त्या वाड्याविषयी ज्याला त्याला विचारत गेलो. हळूहळू लक्षात आलं की वाडा एक असला तरी भुतं तीन आहेत, आणि कुठलं भूत सांगितलं जाईल हे सांगणाऱ्याच्या वयावर ठरतं.

आत्याच्या सासूबाई सांगायच्या ती ‘गाठीची बाई’. घरात उंदीर पडले, सगळी माणसं माळावर झोपड्यांत राहायला गेली, हिला जांघेत गाठ आलेली म्हणून मागं ठेवली. ती गेली, पण माणसं परत येतील म्हणून अजून भात टाकते. आत्याच्या पिढीची माणसं बाईचं नाव काढत नसत. त्यांच्या मते देवघरात एक म्हातारा समंध होता आणि रात्री तिथून जळकट वास यायचा. आमच्यानंतरच्या पोरांकडं पांढरी साडी, मोकळे केस आणि पैंजण आले. ते कुठून आले हे टीव्हीच्या काळात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको, त्यामुळं तिसरं भूत इथंच सोडतो.

पहिल्या दोघांचं मात्र तसं नाही. आपल्याकडं भुताची जात माणूस कसा मेला आणि काय राहून गेलं यावरून ठरते. मुंज झाली, लग्न राहिलं तर मुंज्या, आणि त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेली तर हडळ. जीव ठेव्यात किंवा घरात अडकला तर समंध. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यातही ही मंडळी आपापल्या व्याख्या घेऊन बसलेली आहेत. पुढं मुंबई इलाख्यात सरकारी अधिकारी जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून अशा समजुतींची माहिती गोळा करवली. हे तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरेंनी गोळी झाडली. त्यांच्या मागं राहिलेले कागद एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ आणि १९१५ साली छापून काढले. साहेबाला ती लोकसाहित्याची टिपणं वाटली. मला ती मृत्यूची नोंदवही वाटते. कुठल्या घरात बाळंतिणी फार गेल्या, कुठं पोरगं मुंजीनंतर दगावलं, हे गावाला हडळीवरून आणि मुंज्यावरून लक्षात राहायचं.

गाठीच्या बाईचा काळ त्यामुळं सहज लागतो. प्लेग मुंबईत मांडवीला दिसला सप्टेंबर १८९६ मध्ये. कोल्हापूरला मिरजेहून रेल्वे १८९१ सालीच आलेली. शाहू महाराजांच्या हाती कारभार येऊन दोन-तीन वर्षं होत होती, त्यात दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग. साथीच्या पहिल्या वर्षांत रोग नेमका कसा पसरतो हेच ठरलेलं नव्हतं. जंतू येरसॅन या संशोधकाला १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण उंदरावरची पिसू तो माणसात आणते हे सिमाँनं कराचीत दाखवलं १८९८ मध्ये, आणि ते सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं गेली. लोकांना मात्र एवढं पक्कं ठाऊक झालं होतं की उंदीर पडला की घर सोडायचं. गावाबाहेर माळावर तट्ट्यांच्या झोपड्या पडायच्या, पेठाच्या पेठा ओस. घरं निर्जंतुक करायची, कौलं काढून आत ऊन घ्यायचं, दाराला खूण करायची. साथ ओसरली की माणसं परत यायची, पुढच्या हंगामात पुन्हा बाहेर.

आता त्या बोळाकडं बघा. साथीच्या काळात दरवर्षी एखाद-दुसरं घर महिनोन्महिने बंद, कौलं उचललेली, आत जायला सक्त मनाई, आणि ज्याचं आत कुणी गेलं त्याला तिथं परत झोपणं नको झालेलं. ‘त्या घरात जाऊ नको’ हे वाक्य तेव्हा आरोग्याच्या कारणानं बोललं गेलं. कारण मागं पडलं, वाक्य राहिलं. सासूबाईंचा जन्म १९१० च्या आसपासचा, म्हणजे त्यांनी ते ऐकलं ते ताजं असतानाच.

दुसऱ्या भुताची कथा अवघड आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि मारेकरी ब्राह्मण, म्हणून पुढच्या काही दिवसांत कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांची घरंदारं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. पुष्कळ घरं त्यानंतर पुण्या-मुंबईला उठून गेली. पाठोपाठ कुळकायदा आला, १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि खेड्यातल्या जमिनीच्या खंडावर शहरातला वाडा चालवणाऱ्यांचा हिशेब मोडला. हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात आहे. पण आमच्या पेठेत मी ते कुणाच्या तोंडून सलग ऐकलेलं नाही. ‘ते लोक गेले’ एवढंच. का गेले विचारलं की विषय समंधावर यायचा.

वाड्यातलं घराणं १९४८ च्या उन्हाळ्यात पुण्याला गेलं, ही गोष्ट मला पेठेत कुणी सांगितली नाही, त्यांच्याच एका वारसानं सांगितली. पुढच्या सोप्यात दोन भाडेकरू राहिले. विलीनीकरणानंतर भाडे नियंत्रणाचा १९४७ चा कायदा लागू झाला, आणि त्यात प्रमाण भाडं ठरवायला १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरलेली. त्या जुन्या भाड्यात मालक कौलं चाळायलाही माणूस लावेना. कोल्हापूरच्या पावसात मातीच्या भिंतीवरचं कौल एक वर्ष चाळलं नाही तर ओल उतरते, दुसऱ्या वर्षी तुळईचं टोक कुजतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी भाडेकरूंनी वाडा सोडला. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तेव्हा अकरा नावं होती, मी बघितला तेव्हा चौतीस. चौतीस जणांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत, म्हणून विक्री नाही, म्हणून कुलूप. बोळाच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या आजींना मी एकदा विचारलं, ‘आजी, आत खरंच कोण हाय का?’ त्या म्हणाल्या, ‘कोण असतंय बाबा? कोर्टाची तारीख राहतीया तिथं.’

एक संशयही नोंदवून ठेवतो. भुताची वार्ता सगळ्यांनाच गैरसोयीची नसते. गिऱ्हाईक बिचकलं की भाव पडतो, आणि भाऊबंदांतला जो एकटा घ्यायला बसलेला असतो त्याला तेच हवं असतं. ज्यांना रात्री निवांत पत्ते कुटायचे असतात, त्यांनाही रिकामा सोपा आणि भेदरलेली गल्ली सोयीची. परड्यात आम्हाला पोरपणी जळक्या काड्या आणि विड्यांची थोटकं सापडायची. समंध विडी ओढत असेल असं आम्ही तेव्हा खरोखर मानलं.

वाड्याच्या दारात दर अमावास्येला उतारा पडायचा. दहीभात, लिंबू, बिब्बा, कुंकू. गल्लीत कुणाचं पोर रात्री दचकलं की बोट वाड्याकडं. अंगाला जास्तच लागलं तर नरसोबाच्या वाडीला जायचं ठरलेलं; बाधा असलेल्यांनी तिथं जाण्याची रीत आमच्या भागात जुनी आहे. मधे एका वारसानं देवऋषी आणला आणि माजघरात गुप्तधनासाठी खड्डाही काढला, कमरेएवढा. निघाली ती पांढरी माती आणि एक फुटकं रांजण. पुढं २०१३ च्या डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार हे त्याच्या अनुसूचीत आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्याच साली २० ऑगस्टला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला होता. दीड वर्षानं, १६ फेब्रुवारी २०१५ ला, कोल्हापुरातच गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत भुताचा विषय कुणी काढला नाही. भीतीचं कारण दुसरीकडं होतं.

आता भाताच्या वासाविषयी, कारण माझं सगळं कुतूहल तिथंच अडकलेलं होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३. आमच्या शुक्रवार पेठेत पाणी शिरलं, आठवडाभर राहिलं, आणि उतरताना मातीच्या भिंतींचे पाय घेऊन गेलं. वाड्याची मागची भिंत बसली तशी पुण्याहून दोन वारस बघायला आले. मीही त्यांच्याबरोबर आत गेलो, या वेळी दरवाज्यातून, सकाळी दहा वाजता. जिना शाबूत होता. माळ्यावर कोपऱ्यात धान्याच्या जुन्या कणगीमागं विष्ठेचा ढीग, वर्षानुवर्षं एकाच जागी साठलेला, आणि त्यात नुसत्या बिया. जांभळाच्या, खजुरीच्या. बरोबरच्या वारसांना किळस आली, मला मात्र हसू फुटलं. ते उदमांजराचं बिऱ्हाड होतं. कांडेचोर म्हणतात ते हेच. दिवसभर माळ्यावर झोपायचं, रात्री फळं शोधत कौलांवरून हिंडायचं. अंगानं मांजरापेक्षा लांब, पाय आखूड, पंजा टेकून चालतं, म्हणून फळ्यांवर धपधप वाजतं.

आणि वास. हा प्राणी आपल्या वाटेवर गंधाच्या खुणा करतो आणि तो गंध शिजत्या सुवासिक तांदळासारखा येतो. बंगालीत त्याचं नावच गंधगोकुळ. याच कुळातल्या बिंटुराँग या जनावराच्या मूत्रात शास्त्रज्ञांना जो रेणू सापडला, तोच बासमती आणि आंबेमोहोराला वास देतो. म्हणजे प्लेगात मागं राहिलेल्या बाईचा भात निदान वासापुरता खरा होता. ती गोष्ट रचणाऱ्याचं नाक चांगलं होतं, असंच म्हणावं लागेल.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. देवघराच्या वरची तुळई चुन्यानं पांढरी केलेली होती, थरावर थर. पुराच्या ओलीनं एका जागी पोपडा निघाला होता. मी बोट फिरवलं तर काळं लागलं. पोपडा आणखी सोलला तर लाकूड वरून चांगलं बोटभर जळालेलं, मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं. मोठ्या वारसानं ते बघितलं, काही बोलले नाहीत. खिशातून रुमाल काढून मला बोट पुसायला दिला.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती १९४८ मध्ये आठ-नऊ वर्षांची, तेव्हा याच पेठेत होती. म्हणाली, ‘समईनं लागली असंल कधीतरी.’ मग थोड्या वेळानं, मी काही न विचारता, ‘आमच्या आईनं त्यांचे देव आणले होते आपल्याकडं. टोपलीत घालून, वर शेणी ठेवून. महिनाभर आपल्याच देव्हाऱ्यात होते.’ पुढं कोण घेऊन गेलं, हे तिला आठवेना.

वाडा उतरवल्यापासून उदमांजर आत्याच्या माळ्यावर राहायला आलंय. रात्री पळतं, आणि कधीकधी नऊच्या पुढं स्वयंपाकघरात आंबेमोहोर दरवळतो. सुनेनं तिकटीवर उतारा टाकून बघितला. आत्यानं मला दोन बाय तीन फुटांची जाळी आणायला सांगितलीय, आणि कौलाखालची ती फट बुजवायच्या आधी ते बाहेर गेलंय ना, हे नीट बघ म्हणाली.